एक कडी काढून भागत नाही: सायकलची चेन मोजणं आणि बदलणं

चेन सैल झालीय म्हटलं की बऱ्याच दुकानांत कारागीर एक कडी काढतो, चाक मागे ओढून नट आवळतो आणि सायकल हातात देतो. चेन ताठ दिसते, चालवायलाही बरं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच खडखड सुरू होते. कडी काढल्याने चेनची लांबी कमी होते, झीज कमी होत नाही. दोन पिनांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहतं आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचे, दात खातं ते हेच अंतर.

पुढे लिहिलंय ते एका साध्या २१ गिअरच्या हायब्रिडवरचं काम आहे. पुढे ४२-३४-२४ दातांची तीन चक्रं, मागे १४ ते २८ दातांचं, सात चकत्यांचं फ्रीव्हील. पुण्यात रोज ऑफिसला जाणाऱ्या सायकलींत हा जोड सर्रास दिसतो. तक्रार नेहमीचीच होती: गिअर उशिरा पडतो, आणि चढावर जोर लावला की क्वचित पायाखाली ‘टक्क’ होऊन पायडल सुटल्यासारखं वाटतं. गिअरची केबल ताणून, स्क्रू फिरवून काही फरक पडत नव्हता. झिजलेली चेन आडवी जास्त वाकते. गिअरने बाजूला ढकललं तरी ती आधी नुसती वाकते आणि मग सावकाश पुढच्या चकतीवर चढते. म्हणून गिअर जुळवण्याआधी चेन मोजायची. उलट्या क्रमाने गेलं की तास-दोन तास स्क्रूशी खेळण्यात जातात.

मोजायला साधी स्टीलची टेप पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतर असतं. दूधवाल्याच्या काळ्या सायकलपासून महागड्या रेसिंग सायकलपर्यंत हे माप तेच. बदलते ती रुंदी. (पिनेपासून पिनेपर्यंत एक कडी असंच पुढे धरलंय. दुकानात ‘एक कडी’ म्हणजे आतली-बाहेरची मिळून जोडी.) २४ कड्यांचं अंतर ३०४.८ मिमी भरायला हवं. शाळेची फूटपट्टी इथे तोकडी पडते, कारण जे बघायचं ते तिच्या टोकापलीकडेच असतं. टेपही शून्यापासून धरायची नाही. तिच्या टोकाचा हूक मुद्दाम थोडा हलता ठेवलेला असतो आणि आपलं सगळं काम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं आहे. मागचा ब्रेक दाबून पायडलवर थोडं वजन द्यायचं, म्हणजे चेनची वरची बाजू ताठ होते. एका पिनेची डावी कड १०० मिमीच्या रेघेवर धरायची आणि २४ कड्या पुढच्या पिनेचीही डावीच कड वाचायची. नवी चेन ४०४.८ दाखवते. ४०६.३ म्हणजे अर्धा टक्का झीज, ४०७.१ म्हणजे पाऊण टक्का, ४०७.८ म्हणजे पुरा एक टक्का.

या सायकलीवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी आकडा ४०७ आणि ४०८ च्या मधोमध येत होता. एकाच जागी मोजून थांबू नये, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

चेन चेकर नावाची पट्टी बाजारात मिळते. दोन रोलरांच्या (पिनांभोवतीच्या फिरत्या नळ्यांच्या) मधे टाकायची, आत पडली की चेन गेली, असा सरळ हिशेब. वापरायला झटपट आहे, पण यातल्या दोन टोकांच्या पट्ट्या दोन रोलर एकमेकांपासून उलट्या दिशेला ढकलतात. त्यामुळे रोलरचा आतला खुळखुळाही मापात धरला जातो आणि चांगली चेन थोडी जास्त झिजलेली दिसते. तीन ठिकाणी टेकणाऱ्या पट्टीत ही अडचण नसते. घरी एकच सायकल असेल तर टेप बास.

आता किती झिजल्यावर बदलायची? सगळ्या सायकलींना एकच आकडा लावणं मला पटत नाही. १० किंवा ११ स्पीडची, म्हणजे तेवढ्या चकत्यांची, कॅसेट (फ्रीव्हीलच्या जागी येणारा चकत्यांचा संच) चेनपेक्षा कितीतरी महाग असते, तिथे अर्ध्या टक्क्याला चेन उतरवावी. सात-आठ स्पीडला पाऊण टक्का चालतो. सात चकत्यांचं साधं फ्रीव्हील स्वस्त असतं, त्यामुळे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही पार घासेपर्यंत चालवून एकदम बदलणं हाही हिशेबी मार्ग आहे. त्यात एकच अडचण, पुढचं चक्रही बरोबर झिजतं, आणि स्वस्त क्रँकसेटवर (पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं यांच्या जोडणीवर) तिन्ही चक्रं रिव्हेटने पक्की असतात. सुटं चक्र मिळत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो. किती किलोमीटरला बदलायची हा प्रश्न मात्र निरर्थक आहे. कोरड्या रस्त्यावर, वेळच्या वेळी पुसलेली चेन आणि पावसाळ्यात खोदलेल्या रस्त्याच्या चिखलातून गेलेली चेन यांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो.

नवी चेन मागताना ‘गिअरची, सात स्पीड’ एवढं सांगितलं तरी चालतं. सहा, सात आणि आठ स्पीडला एकच चेन बसते: आतली रुंदी ३/३२ इंच, बाहेरून साधारण ७.१ ते ७.३ मिमी. नऊ स्पीडची ६.६ च्या आसपास, दहाची ५.९. बिनगिअरची चेन १/८ इंचाची, ती गिअरच्या सायकलवर लावली तर शेजारच्या चकतीला घासत राहते. गिअरची चेन जाड दातांच्या जुन्या चक्रावर नीट बसतच नाही. केएमसीची झेड ८ किंवा शिमानोची एचजी ४० यांतली जी मिळेल ती घ्यावी, ११६ कड्यांची, आणि बरोबर त्याच मापाची क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी) असल्याची खात्री करून. ही क्विक लिंक हाताने जोडता येते; सात-आठ स्पीडची पुन्हा उघडून वापरताही येते. दहाच्या वरच्या बहुतेक एकदाच वापरायच्या असतात.

जुनी चेन काढण्याआधी तिला पुढे सगळ्यात लहान चक्रावर आणि मागे सगळ्यात लहान चकतीवर आणायचं, म्हणजे ताण जातो. मागच्या डिरेलरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागातून) ती कशी गेलीय याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा. पुढे त्याचाच उपयोग होतो. क्विक लिंक असेल तर ती पक्कडीने उघडते. नसेल तर चेन टूल लावून कुठलीही पिन ढकलायची. चेन जाणारच आहे, त्यामुळे पिन पूर्ण बाहेर आली तरी बिघडत नाही. मात्र टूलची सुई पिनेच्या बरोबर मध्यावर टेकली आहे ना ते बघूनच मूठ फिरवावी. तिरकी टेकली तर पिन हलत नाही, सुई मोडते.

ढकललेली पिन फेकण्याआधी पुसून उजेडात धरावी. या चेनची पिन दोन टोकांना गोल आणि गुळगुळीत होती. मधल्या भागात एका बाजूने घासून खळगा पडला होता. नख फिरवलं की पायरी लागते. पिनेबरोबर तांबूस-काळा लगदाही निघाला: तेल, रस्त्याची माती आणि झिजलेल्या लोखंडाची पूड. चेन लांब होते ती अशी. पट्ट्या लांबत नाहीत. पिन आणि ती ज्यात फिरते ते भोक, दोन्ही थोडी थोडी खाल्ली जातात आणि शंभरावर सांध्यांचा तो मुंगीएवढाही नसलेला फरक एकत्र होतो. आतल्या कडीचे दोन रोलर एकाच जोड पट्टीवर असल्याने त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. वाढतं ते फक्त बाहेरच्या कडीचं. म्हणजे सरासरी एक टक्का झीज असते तेव्हा एकाआड एक कडी दोन टक्क्यांनी लांब झालेली असते. बाहेरून चेन धुऊन लखलखीत केली तरी या लगद्याला काही होत नाही, हेही इथेच कळतं.

काढलेली चेन जमिनीवर ताणून १०० कड्या मोजल्या. १२७० मिमी हव्यात, १२८१ भरल्या. पाऊण टक्क्याच्या बरंच पुढे.

नवी चेन कापताना दोन्ही चेन शेजारी लटकवून, लांबी बरोबरीला आणून कापायची पद्धत आहे. तीच इथे फसवते. या सायकलच्या चेनला क्विक लिंक धरून १०८ कड्या होत्या. नव्या १०८ कड्या १३७१.६ मिमी भरतात, जुन्या तेवढ्याच कड्या जवळजवळ १२ मिमी जास्त, म्हणजे जवळपास एक अख्खी कडी. लांबी जुळवायला गेलं की आकडा १०९ येतो, विषम आकड्याला जोड बसत नाही, मग माणूस एक कडी वाढवतो किंवा कमी करतो आणि वाढवली तर चेन लोंबते. त्यामुळे कड्याच मोजायच्या. दहा-दहाच्या गटाला खडूची खूण केली की गोंधळ होत नाही. जुनी चेन मुळातच कोणी चुकीची कापली असल्याचा संशय असेल तर नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून ओढून धरायची, टोकं जिथे भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या सोडून कापायची. क्विक लिंक ही स्वतः बाहेरची कडी असल्याने कापल्यावर दोन्ही टोकांना आतल्या, अरुंद कड्या राहिल्या पाहिजेत. १०८ कड्यांसाठी १०७ ची चेन आणि वर क्विक लिंक. कापण्याआधी हे दोनदा मोजावं. कापलेली कडी परत जोडण्यासाठी जुनी पिन आत ढकलली तर तो जोड कच्चा राहतो आणि भर चढावर तुटतो.

चेन ओवताना एकच जागा बघायची. डिरेलरच्या पिंजऱ्यात दोन छोट्या चाकांच्या मधे एक पत्र्याची जीभ असते. चेन तिच्या आतून, चाकांच्या बाजूने जायला हवी. जिभेच्या बाहेरून गेली तरी सायकल चालते, पण पायडल मारताच करकर आवाज येतो आणि पत्रा व चेन दोन्ही घासतात. ओवण्याआधी त्या दोन चाकांवर साचलेला काळा थर स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा. दात टोकदार सुळ्यांसारखे झाले असतील तर तीही बदलायला आलीत.

टोकं जवळ आणायला जुन्या ब्रेक केबलचा वीतभर तुकडा दोन्हीकडून वाकवून हूक करायचा आणि चेन खालच्या बाजूला तात्पुरती धरून ठेवायची. दोन्ही हात मोकळे होतात. क्विक लिंकचे दोन तुकडे समोरासमोरून घालून, एकमेकांवर दाबून ओढायचे. ती हाताने अर्धीच बसते. मग पायडल उलटं फिरवून लिंक वरच्या बाजूला मधोमध आणायची, मागचा ब्रेक घट्ट धरायचा आणि पायडलवर जोर द्यायचा. ‘खट्’ असा आवाज येऊन ती बसते. दोन्ही पिना खाचेच्या टोकाला गेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघायचं, नुसत्या आवाजावर विसंबायचं नाही.

नव्या चेनवर कंपनीचं चिकट ग्रीस असतं. अनेक जण ते रॉकेलने धुऊन टाकतात. तसं करू नये. आत पिनेपर्यंत पोचलेलं ते वंगण पुन्हा तितकं आत घालणं घरी जमत नाही. बाहेरची पट्टी तेवढी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, म्हणजे धूळ चिकटत नाही.

स्टँडवर पायडल फिरवलं की सगळं सुरळीत दिसतं. खरी परीक्षा भाराखाली. मोकळ्या रस्त्यावर, सीटवर बसूनच, मागचा ब्रेक किंचित दाबून एकेका चकतीवर जोर द्यायचा. उभं राहून हा प्रयोग करू नये: चेन सटकली की पाय खाली जातो आणि माणूस दांडीवर आपटतो. या सायकलीवर २२, २४ आणि २८ च्या चकत्या शांत होत्या. १४, १६ आणि १८ वर चेन दात सोडत होती, दर एक-दोन फेऱ्यांना. चालवणारा बहुतेक वेळ याच तीन चकत्या वापरत होता, त्यामुळे त्यांचे दात जुन्या, लांबलेल्या चेनच्या मापाने घासले गेले होते. जुनी चेन त्यात नीट बसायची. अचूक मापाची नवी चेन बसत नाही, तिचा रोलर दाताच्या मुळाशी न टेकता वर चढतो आणि उडी मारतो. काही दिवस चालवली की नवी चेन जुन्या फ्रीव्हीलशी ‘जुळून’ जाईल असा सल्ला मिळतो. तसं जुळवणं म्हणजे नवी चेन मुद्दाम झिजवणं.

नुसत्या नजरेने फ्रीव्हीलचा निकाल लावू नये. हल्लीच्या चकत्यांवर काही दात मुळातच आखूड आणि किंचित पिळलेले असतात, गिअर सहज पडावा म्हणून. ते बघून ‘दात तुटलेत’ असं सांगून नवं फ्रीव्हील खपवलं जातं. भाराखाली चेन उडत नसेल तर फ्रीव्हील चांगलं आहे.

इथे मात्र ते बदलावंच लागलं. आधी ओळख: चकत्या उलट्या फिरवून मधला खाचांचा भाग बघायचा. तो स्थिर राहिला तर स्क्रूचं फ्रीव्हील, चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. दोन्हींची टूलं वेगळी. फ्रीव्हीलचं टूल खाचांत पूर्ण बसवून त्यावर ॲक्सलचा नट हलकेच लावायचा, म्हणजे टूल निसटून खाचा घासत नाहीत. टूल शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये), नाहीतर मोठ्या पान्यात धरून चाक डावीकडे फिरवायचं. रोज पायडल मारून ते आपोआप घट्ट होत गेलेलं असतं, त्यामुळे चांगला जोर लागतो. घरी शेगडा नसेल तर चाक काढून दुकानात नेणं शहाणपणाचं. पहिला झटका सुटताच नट सैल करायचा, नाहीतर सुटत आलेलं फ्रीव्हील नटावरच अडकतं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं आणि पहिले काही फेरे हातानेच द्यायचे. ॲल्युमिनियमच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आटे तिरके चढले तर हब गेलं. आवळायची गरज नाही, पहिल्या चढावर ते स्वतःच आवळलं जातं. त्यानंतर गिअरच्या केबलचा छोटा फिरकी-स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे करावा लागला, बाकी काही नाही.

बिनगिअरच्या सायकलचं प्रकरण सोपं आहे. चेन रुंद, सरळ रेषेत चालणारी, त्यामुळे एक टक्क्यापर्यंत बिनधास्त चालवावी. जोड क्लिपच्या लॉकचा असतो. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक पुढे राहिलं तर कशाला तरी अडकून क्लिप उडते. ताण बघताना खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून साधारण अर्धा इंच हालचाल राहिली पाहिजे. चक्र क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून पायडल फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे हे माप घ्यायचं. ताठ ताणलेली चेन हबचे छर्रे आणि बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस फिरतो तो भाग) दोन्ही खाते. आणि ॲक्सल खाचेच्या पार शेवटाला आला असेल तर कडी न काढता चेन बदलावी.

तेलाचं थोडक्यात: प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने; पायडल दोन मिनिटं फिरवायचं, मग बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. पुसणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग, बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. इंजिन ऑइल फार जाड, शिलाई मशीनचं तेल एका पावसात धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० ने पाणी आणि गंज निघतो. वंगण म्हणून तो फवारा टिकत नाही, वर सांध्यातलं तेलही पातळ करतो. पावसात भिजलेली सायकल त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावं, दुसऱ्या सकाळपर्यंत पट्ट्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो. वरवरचा गंज चालतो, पण बोटाने वाकवल्यावर अडकणारी कडी सापडली तर ती आडवी दोन-चारदा हलवून मोकळी करायची.

कापून उरलेल्या कड्या टाकू नयेत. त्यातल्या दोन-तीन आणि एक जादा क्विक लिंक चिंधीत गुंडाळून सीटखालच्या पिशवीत, छोट्या चेन टूलबरोबर.